‘होय साहेब’च्या पुढचं वाक्य

सकाळी सहा चाळीस. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलापाशी पांढरा शर्ट घातलेले एक वकील ताठ उभे होते, आणि समोर बसून बटाटे सोलणारी त्यांची बायको न्यायाधीश झाली होती.

“दुकान बंद होतं की नव्हतं?” तिने विचारलं.

“होतं, साहेब. पण त्याचं कारण...”

“कारण नको. बसा खाली.”

वकील बसले.

बायकोने सुरी ताटात ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. “अहो, मी बटाटे सोलतेय. मी म्हटलं म्हणून बसायचं?”

दारात बूट चढवणाऱ्या मुलीने दोष आईला दिला. आईचा हा आवाज शाळेच्या मैदानापलीकडे पोचतो, बाबा बसले यात नवल ते काय, या घरात तिच्यापुढे आजवर उभं राहिलंय कोण, असं तिचं म्हणणं पडलं. आई चौथीच्या वर्गाला शिकवते. तिने मुलीला बसची वेळ विचारली आणि मुलगी पळाली. वकील पुन्हा उभे राहिले. पुढच्या फेरीत ते ‘कारण’ या शब्दानंतर आणखी दोन शब्द बोलले आणि मग बसले.

हा माणूस भित्रा नाही. सतरा वर्षं सैन्यात काढली, त्यातले तीन हिवाळे बर्फातल्या चौकीवर. आवाज खणखणीत आहे. अडचण एवढीच, की वरच्या खुर्चीतल्या माणसाने ‘बस’ म्हटलं की गुडघे आपोआप वाकतात. न्यायालयाच्या आवारात त्यांना सगळे ‘सावधान’ म्हणतात. न्यायाधीश दालनात आले की वकील मंडळी उठतात; कुणी अर्धवट उठतं, कुणी फोन खिशात घालता घालता. हे मात्र टाचा जुळवून, हनुवटी वर करून उभे राहतात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता न्यायालयाचा शिपाईसुद्धा पुकारा करताना अधूनमधून चुकतो आणि तेच नाव घेतो.

सैन्यात सावधान बिनतारी यंत्रावर होते. कानाला यंत्र, हातात पेन्सिल. आलेला निरोप शब्दाला शब्द लिहायचा, पुढे पाठवायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. हे काम त्यांना आवडायचं. कायद्याशी गाठ पडली ती एका आचाऱ्यामुळे.

त्यांच्या तुकडीचा आचारी रजेवर गेला तो ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा परतला. वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागली. नियमाप्रमाणे आरोपीला एक सोबती घेता येत होता. त्याला ‘आरोपीचा मित्र’ म्हणत. त्याने शेजारी बसायचं, हळू आवाजात सल्ला द्यायचा; पण स्वतः प्रश्न विचारायचा नाही आणि अधिकाऱ्याशी बोलायचं नाही. हे बिनकामाचं काम कुणालाच नको होतं. त्या दिवशी सावधानांची यंत्रावरची पाळी नव्हती, म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं.

त्यांनी नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि वाचलं. आचाऱ्याला खोदून खोदून विचारलं. त्याची आई घरात पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, तिला उचलून बसवायला दुसरं माणूस नव्हतं. नियमात अशा कारणासाठी सवलत होती. सावधानांनी ते कलम आचाऱ्याला तोंडपाठ करून दिलं. सुनावणीत अधिकाऱ्याने विचारलं, रजा संपल्यावर गैरहजर होतास? आचारी म्हणाला, होय साहेब. काही सांगायचं आहे? नाही साहेब. शेजारी बसलेला मित्र दातांतल्या दातांत ‘आईचं सांग, आईचं सांग’ म्हणत राहिला. आचाऱ्याने मानही वळवली नाही. बाहेर आल्यावर त्याने खुलासा केला: कारण सांगितलं की साहेबाला वाटतं, हा सबब सांगतोय. आचाऱ्याने शिक्षा भोगली आणि पहिल्यासारखा चुलीपाशी लागला. त्याला त्याचं विशेष काही वाटलं नाही. ज्याला वाटलं, तो शेजारच्या खुर्चीत बसलेला होता.

नोकरीची मुदत संपल्यावर सावधान घरी आले. एका कारखान्याच्या फाटकावर दिवसपाळी धरली आणि संध्याकाळच्या विधी महाविद्यालयात नाव घातलं. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, प्राध्यापक आले. सावधान म्हणाले, “बसा.” मुलं बसली. मग ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले, आणि वर्ग पाच मिनिटं हसत राहिला. परीक्षेला त्यांना गुण चांगले मिळत. पाठ करायची सवय होतीच. वर्गातल्या लुटुपुटूच्या खटल्यांत मात्र ते हरायचे. मुलं तावातावाने भांडत आणि सावधान आपला मुद्दा एकदाच, एका वाक्यात सांगून थांबत. एकदा सांगितलेलं पुन्हा का सांगायचं, हे त्यांना उमगत नसे.

सनद मिळाली तेव्हा त्यांचं वय चव्वेचाळीस होतं. सासरी आनंद झाला, पण बेताचाच. मेव्हण्याची पहारेकरी पुरवणारी संस्था आहे, आणि त्याने तिथली देखरेखीची जागा भावोजींसाठी अडवून ठेवली आहे. जेवायला आला की तो आठवण करतो. “भावोजी, काळा कोट भाड्याचा वाटतो हो तुमच्या अंगावर. वर्दी कशी, मापाची होती.” सावधान त्याला भाजी वाढतात. बायको म्हणते, “बोलेल त्याची बोरं विकली जातात. तुम्ही वाढत बसा.”

ज्यांच्या हाताखाली ते काम शिकतात त्या वकील मॅडम त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. छायाप्रतींच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं कार्यालय आहे. आत एक मोठं टेबल, तीन खुर्च्या, आणि फायलींनी भरलेलं एक लोखंडी कपाट, ज्याचं दार बंद व्हायला लाथ लागते. मॅडम त्यांना काका म्हणतात. मॅडम खोलीत आल्या की काका उठतात. सुरुवातीला मॅडमना हे अवघड वाटलं, मग वैताग आला, आता त्या दारातूनच ‘बसा, बसा’ म्हणत आत येतात. फोनवर बोलत असल्या तरी म्हणतात. पलीकडचा पक्षकार गोंधळतो.

दोन वर्षं कागद लिहून झाल्यावर मॅडमनी त्यांना एक दावा पूर्णपणे सोपवला. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका बाईंचा. या बाई नवऱ्याच्या मागे एकट्याने धंदा चालवतात. दुकान म्हणजे एका जुन्या तीन मजली इमारतीतली जिन्याखालची खोली. उभं राहिलं तर मागच्या अर्ध्या भागात डोकं आपटतं. तिथे त्यांची हत्यारं, तेलाचे डबे आणि लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या मशीन. इमारतीच्या मालकाला ती खोली हवी आहे. त्याचं म्हणणं असं, की बाईंनी दुकान सात महिने बंद ठेवलं, त्यांना गरज उरलेली नाही, तेव्हा ताबा परत मिळावा. बाईंनी दावा लावला आणि न्यायालयाने तात्पुरती मनाई दिली: निकाल होईपर्यंत मालकाने कुलपाला हात लावायचा नाही. ही मनाई पुढे चालू ठेवायची की उठवायची, यावर महिन्यापूर्वी सुनावणी झाली. सावधानांची स्वतंत्रपणे उभं राहण्याची ती पहिलीच वेळ.

दुकान सात महिने बंद होतं, हे खरं. कारण असं, की मालकाने दुरुस्तीच्या नावाखाली दारापुढे विटा आणि खडी ओतली होती आणि जिन्याखालची वीज तोडली होती. खडीवर चढून कसंबसं आत शिरता येई, पण तिथे धंदा चालवणं शक्य नव्हतं. त्या मशीन घरी नेऊन खिडकीपाशी दुरुस्त करत होत्या. दाव्यात हे सगळं लिहिलेलं होतं. लिहिलं सावधानांनीच, सुवाच्य आणि क्रमवार.

त्या दिवशी न्यायाधीशांपुढे फायलींची चळत होती. त्यांनी चष्म्यावरून पाहत एकच प्रश्न विचारला: दुकान सात महिने बंद होतं, हे मान्य आहे का?

“होय साहेब,” सावधान म्हणाले.

आणि थांबले. वरच्या खुर्चीने सरळ प्रश्न विचारला, सरळ उत्तर दिलं. पुढे काही विचारलं असतं तर त्याचंही उत्तर तयार होतं. न्यायाधीशांनी ते विधान नोंदवून घेतलं. समोरचे वकील हे नाक्यानाक्यावर ओळखले जाणारे गृहस्थ. गोड बोलून गळा कापतात म्हणून त्यांना ‘खडीसाखर’ म्हणतात. युक्तिवादाची तयारी करून आलेल्या खडीसाखरांना काही बोलावंच लागलं नाही. त्यांनी हात जोडले आणि सांगितलं, माझ्या विद्वान मित्रांनी माझं काम केलं आहे. वेळ संपली होती, म्हणून मनाईवरचा हुकूम पुढच्या तारखेवर गेला. ती तारीख म्हणजे आज.

बाहेर व्हरांड्यात मशीनवाल्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पर्स बंद केली. “वकीलसाहेब, तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण अर्धंच बोललात. अर्ध्या टाक्याने कापड धरत नाही.” मग त्यांनी विचारलं, मनाई उठली तर कुलूप किती दिवसांत तुटेल. सावधानांनी खरं उत्तर दिलं: त्याच दिवशी संध्याकाळी तुटू शकतं. बाई म्हणाल्या, मग सगळ्या मशीन एका खेपेत निघणार नाहीत, आधीच हलवू का? सावधानांनी तो प्रश्न शब्दाला शब्द वहीत लिहून घेतला.

कार्यालयात मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं नाही. काका, तुमच्या पलटणीत कारण म्हणजे सबब असेल, इथे कारण म्हणजेच खटला, असं त्या म्हणाल्या. तुमच्याऐवजी पुढच्या तारखेला मी उभी राहू का, असंही विचारलं. सावधानांनी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, घोळ मी घातलाय, मीच निस्तरतो. मॅडमना हे फारसं पटलं नाही. त्यांनी होकार दिला, पण त्या दिवशी आपणही मागच्या बाकावर बसणार असं बजावलं.

तेव्हापासून स्वयंपाकघरात रोज सकाळी न्यायालय भरतं. बायकोने आधी समजावलं, मग चिडवलं, मग एकदा खरंच चिडली. तिचं म्हणणं सरळ होतं. ते सीमेवर होते त्या वर्षांत तिने घरमालक, वीज कार्यालय, शाळेचे संचालक आणि स्वतःचे सासरे या सगळ्यांपुढे एकटीने तोंड उघडलं. तोंड उघडल्याने कुणी मरत नाही. सावधानांना हे पटतं. पटणं आणि गुडघे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आज अकरा वाजता दालन भरलेलं होतं. पंखा एका पात्याने कुरकुरत होता. मशीनवाल्या बाई दुसऱ्या बाकावर, मॅडम शेवटच्या. बाईंच्या हातात दुकानाची किल्ली होती. ती त्यांनी मुठीत का धरली होती कोण जाणे, पर्स शेजारीच होती. पुकारा झाला. सावधान उठले, टाचा जुळल्या.

न्यायाधीशांनी फाईल उघडली आणि मागच्या तारखेची नोंद वाचली. दुकान बंद होतं, हे वादीच्या वकिलांनी मान्य केलेलं आहे. असं असताना मनाई चालू ठेवायला सबळ कारण दिसत नाही, असं ते म्हणाले आणि लेखनिकाकडे वळले.

“साहेब, त्याचं कारण आहे,” सावधान म्हणाले.

“तुमचं म्हणणं नोंदलेलं आहे. बसा.”

सावधान बसले. मागच्या बाकावर मॅडमनी उठायला बाकाची कड पकडली. खडीसाखर कागद आवरू लागले. न्यायाधीशांनी लेखनिकाला हुकुमाचा पहिला शब्द सांगितला, आणि तेवढ्यात सावधान पुन्हा उभे राहिले. या वेळी टाचांचा आवाज आला नाही.

“साहेब, मागच्या तारखेला मी अर्धाच निरोप दिला. तो दुरुस्त करायचा आहे.”

बिनतारी यंत्रावर एक नियम असतो. पाठवणाऱ्याकडून निरोप चुकला किंवा तुटला, तर त्याने स्वतः तसं सांगायचं आणि तो पूर्ण करायचा. तो पूर्ण होईपर्यंत वरिष्ठानेही मध्ये बोलायचं नाही, कारण अर्धा निरोप हा निरोप नसल्यापेक्षा वाईट. सावधानांनी हा नियम कुणालाही सांगितला नाही. ते फक्त उभे राहिले.

खडीसाखरांनी हरकत घेतली. मागच्या वेळी कबूल करायचं आणि आता गोष्ट रचून आणायची, असं चालू झालं तर न्यायालयांना कुलूप लावावं लागेल, असं ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. न्यायाधीशांनी सावधानांना विचारलं, तुम्ही तुमचं विधान मागे घेताय का?

“नाही साहेब. विधान खरं आहे. दुकान बंद होतं. पण ते बाईंनी बंद ठेवलं नव्हतं. प्रतिवादीने दारापुढे विटा-खडी टाकून वाट अडवली आणि वीज तोडली. हे आता सुचलेलं नाही. दाव्यात सहाव्या परिच्छेदात आहे. खडी अजून तिथेच आहे, साहेब. कुणीही जाऊन बघावी.”

सावधानांचं न्यायालयातलं हे आजवरचं सर्वांत लांब बोलणं. न्यायाधीशांनी पानं उलटली आणि सहावा परिच्छेद वाचला. वाचायला वेळ घेतला.

“हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?”

“विचारलं नव्हतं, साहेब.”

दालनात हशा पिकला. शिपायाने ‘शांत राहा’ म्हटलं, तोही हसत होता. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वकीलसाहेब, जे विचारलं नाही ते सांगायलाच तुम्हाला इथे उभं केलंय. विचारलेलं तर साक्षीदारही सांगतो.”

सावधान ‘होय साहेब’ म्हणाले. मग बसायच्या आधी त्यांनी आणखी एक वाक्य बोलून टाकलं: जागेची पाहणी करायला न्यायालयाने कुणी नेमावं, आणि ती होईपर्यंत मनाई कायम ठेवावी. हे वाक्य मॅडमनी शिकवलेलं होतं, पण ते आठवण्याइतका वेळ सावधान उभे राहतील याची त्यांना खात्री नव्हती. खडीसाखर म्हणाले, खडी काय, कुठेही पडलेली असते. न्यायाधीश म्हणाले, म्हणूनच बघायला पाठवतो.

हुकूम तीन ओळींचा झाला. खटल्याशी संबंध नसलेल्या एका वकील बाईंची पाहणीसाठी नेमणूक. दोन्ही बाजूंनी हजर राहायचं. पाहणीचा अहवाल येईपर्यंत कुलपाला, विटांना आणि खडीला कुणी हात लावायचा नाही. याचा अर्थ खटला जिंकला असा नाही. अहवाल उलटा आला तर मनाई पुढच्या तारखेला उठेल, आणि मालकाने त्या वेळी खडी का टाकली हे पाहणीत दिसणार नाही. ते साक्षीतच सिद्ध करावं लागेल. व्हरांड्यात सावधानांनी हे बाईंना समजावून सांगितलं. न विचारता सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आज कुलूप तुटत नाही ना, मग चला, मला एक मशीन दुपारपर्यंत द्यायची आहे. मॅडम खालच्या मजल्यावर दुसऱ्या सुनावणीला गेल्या होत्या. जाताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की काका, साक्षीची तयारी तुम्हीच करा.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. काय झालं, या त्याच्या प्रश्नाला सावधानांनी सविस्तर उत्तर द्यायला घेतलं. सहावा परिच्छेद संपायच्या आत त्याने घाईघाईने निरोप घेतला. बायको वह्या तपासत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, आता हे घरी सुरू करू नका.

पाहणी उद्या सकाळी साडेनऊला आहे. जिन्याखालच्या खोलीत अजून वीज नाही, म्हणून नेमलेल्या वकील बाईंनी विजेरी आणायला सांगितलं आहे. सावधान नऊला तिथे पोचतील. दार मशीनवाल्या बाई उघडतील.